परतीचं पाणी

इस्तंबूलच्या धक्क्यावर झेंडा सुलतानाचा होता, पण इझमिरच्या बोटीचे परवाने इंग्रज शिपाई तपासत होता. रांगेत माझ्यापुढे एक तरुण होता, आणि त्याच्याशेजारी पाण्याची सुरई घेतलेली म्हातारी.

“तुम्हीपण इझमिरला, मावशी?” त्या तरुणानं विचारलं.

“मी कुठली जाते? ज्याला निरोप द्यायला कुणी नाही, त्याच्यामागे पाणी ओतायला येते. पाणी ओतलं की माणूस परत येतो. तुझं आहे कुणी?”

“इथं नाही.”

“मग तुझ्यामागे ओतते.”

“पण मी घरीच चाललोय. ग्रीकांनी इझमिर घेतलं, तेव्हा आई तिथंच राहिली.”

“लढलं नाही का रे कुणी?”

“सगळे म्हणायचे, एखादा पाशा उभा राहील, मग आपण त्याच्यामागे जाऊ.”

“आमच्या गावातपण हेच.”

“मग?”

“मग काय, सगळे मागे जायला तयार बसले होते.”

“रांग सरकली, मावशी. येतो.”

“थांब. घरी जाणाऱ्यामागे पाणी ओतत नाहीत. परवान्यावर काय लिहिलंय?”

“परदेश.”

“मग ओतायलाच हवं, बाळा.”