दोन बादल्यांचं झाड

“आधी झाडाला पाणी, मग आपला चहा,” सासूबाई सांगायच्या. तो नेम पाळून मी नर्सरीत गेले. रांगेत माझ्यापुढे एकमेकांच्या शेजारी राहणारे एक बाई नि एक गृहस्थ उभे होते, दोघांच्या हातात एकेक पिवळं पान.

“भावजी, तुम्ही इथे? माझ्या झाडाला नावं ठेवता ना?” बाईंनी विचारलं.

“ठेवतोच, वहिनी! पानं माझ्या दारात पडतात. झाडून झाडून कंबर मोडली.”

“मग मरू द्या की!”

“वा! दुपारी घराची भट्टी होते. त्या झाडाची सावली जेमतेम खुर्चीएवढी, पण आई तिथेच बसते. तुम्ही लावलंत नि वाऱ्यावर सोडलंत. रोज पहाटे बादलीभर पाणी मी घालतो.”

“अगंबाई! बादलीभर तर मी घालते, रोज संध्याकाळी!”

माळ्याने पानं पाहिली. “दोघांनी मिळून बुडवलंत की त्याला! माती सुकेपर्यंत थेंबही घालू नका. जगेल.”

“ऐकलंत, भावजी? शपथ घ्या.”

“घेतली. पण तुमचा काय भरवसा?”

“माझी बादली तुमच्या घरी ठेवते. तुमची माझ्याकडे आणून द्या. म्हणजे पाणी घालायचं तर आधी दुसऱ्याला विचारावं लागेल.”

“आत्ता?”

“मग काय, मुहूर्त काढू?”

भावजींनी पान जपून खिशात ठेवलं आणि बादली पोचवायला निघाले.