मोटरीनं उचललेला फोन

आन् त्या फोनातल्या बाईचा आवाज तरी किती गोड हो! "आपली सेवा तात्पुरती बंद करण्यात आली आहे." अगं बाई, कंपनीनं आमाला कामावरनं बंद केलं तवा यवढ्या गोडीत कुनी सांगितलं न्हवतं! लोणी देवकरला कंपनीच्या गेटवर ठेकेदाराचा सुपरवायझर, रणजितराव, नुसता म्हनला, "भिमा, काम आलं की फोन करतो. चालू नंबर दे."

चालू नंबर! तुमाला सांगतो, गॅसवाला मागतो चालू नंबर, रेशनवाला मागतो चालू नंबर, आमच्या पोरीच्या, प्राचीच्या कालेजात चालू नंबर... मानूस चालू हाय का बंद, कोन इचारतंय? माझा फोन बंद, बायकोचा बंद, पोरीचा बंद. आन् चालू कुनाचा? मोटरीचा! हसताय काय? पिंपळीला आमच्या विहिरीवर मोटर हाय, तिच्या स्टार्टरात शिमकार्ड असतंय. जळोचीत घरी बसून शेजारच्या भागूबाईच्या फोनवरनं लावायचा, की तिकडं वांग्याला पानी सुरू. परत लावला की बंद. घरातल्या समद्यांची तोंडं बंद झाली तरी आमच्या बायकोनं, सोनलनं, मोटरीचं रिचार्ज चुकू दिलं न्हाय. म्हनायची, "तुमी बोलला न्हाय तर सुकून जाताय व्हय? वांगी जातील."

मग काय करतो! गुपचूप मोटरीचं शिम काढलं, माझ्या फोनात घातलं, आन् रणजितरावाला दिला तो... चालू नंबर! सोनलला म्हनलं, स्टार्टर बिघडलाय. खरं का न्हाय सांगितलं? अवो, कामाचं आधी बोललं की हातचं जातं! म्हनलं, बोलावनं आलं की पेढंच घिऊन जावं.

ती बिचारी रोज उन्हातान्हात पिंपळीला चालत, हातानं मोटर लावायला. आन् मी फोनकडं बघत! भाकर करपली तरी उठायचो न्हाय... आन् बुधवारी दुपारी लागला की डोळा! सोनलला आला संशय. उशाचा फोन उघडला, तर आत मोटरीचं शिम! तिनं काय भांडन केलं न्हाय. उचललं, पिंपळीला गेली, पानी दिलं, शिम स्टार्टरात बसवलं आन् घरी आली.

आन् तवाच रणजितरावाचा फोन!

संध्याकाळी चौकात गाठ पडली. म्हनला, "काय रं भिमा, कुठली बाई बसवलीय फोनवर? मी म्हनतो, भिमाला उद्या पाठवा. ती म्हनती, 'मोटर चालू झाली आहे.' परत केला, तर 'मोटर बंद झाली आहे.' तिसऱ्यांदा परत चालू! म्हनलं, ह्याला दुसरं काम लागलेलं दिसतंय. घेतला दुसरा मानूस."

काम तर गेलंच... पर तिसऱ्यांदा चालू? म्हंजे अजून चालूच? धावत पिंपळी! वांग्यात नुसतं तळं, झाडं आडवी. मागनं सोनल आली. समदं सांगितलं तिला. बांधावर बसली आन् म्हनली, "मला आधी सांगितलं असतं, तर मी शिमाला हात लावला असता व्हय?" लई वाईट वाटलं हो!

मग गेलो परत, धरलं रणजितरावाचं पाय. भला मानूस! म्हनला, "बघतो कधी जागा निघाली तर. पर ह्या टायमाला चालू नंबर दे."

म्हनलं, तोच असू द्या, रणजितराव... फोन आला की लगीच कामाला लागनारं आमच्या घरात तेवढं एकच हाय!