पिवळ्या पडद्याबद्दल एका प्रेक्षकाचं मत

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि या वाहिनीचे संचालक महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले निर्माते आणि निवेदक, ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सारे जमलो आहोत त्या प्रेक्षक कक्षाच्या प्रमुख, आदरणीय ताई, आणि सभागृहातल्या बंधू-भगिनींनो,

एवढ्या जाणत्या मंडळींत या बाईच्या हाती माइक का दिला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला आहे. मी इथे नोकरीला नाही. कॅमेऱ्याला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, तेही मला सांगता यायचं नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. व्यासपीठावरच्या मान्यवरांनी तरीही मनमोकळं हसावं, मी निरखून बघणार नाही. निमंत्रणपत्रिकेत माझ्यापुढे ‘एक प्रेक्षक’ असं छापलं आहे. त्याच अधिकारात मी उभी आहे.

ताईंना तुम्ही सगळे पाठीमागे ‘थांबाताई’ म्हणता, हे मला मघाशी चहाच्या वेळी कळलं. फोन उचलला की पहिला शब्द ‘थांबा हं’, म्हणून. ताई, तुम्ही मान हलवताय, म्हणजे तुम्हालाही ते ठाऊक आहे. त्या रविवारचा विषय भाषणात नको, असं तुम्ही मला बजावलं होतंत. पण तो वगळला तर माझ्याकडे तुमच्याबद्दल बोलायला उरतं काय?

तर तो रविवार. दुपारी तुमच्या वाहिनीवर सिनेमा होता. थिएटरात न लागलेला, खास टीव्हीसाठी बनवलेला थरारपट. एक तरुणी लग्न मोडते, आणि मोडलेल्या लग्नातला तो माणूस तिचा पिच्छा सोडत नाही. ती घर बदलते, तो शोधून काढतो. ती नोकरी बदलते, तो फाटकाशी उभा. सिनेमा संपला की लगेच थेट कार्यक्रम, प्रेक्षकांनी फोन करून आपलं मत सांगायचं.

मी तो सिनेमा माझ्या आत्याच्या घरी बघत होते. ‘बघत होते’ हा शब्द तसा खोटाच. मी खाली मान घालून शेंगा सोलत होते. आत्या बघत होती, आणि तिला कमी ऐकू येत असल्यामुळे आमच्याबरोबर शेजारीपाजारीही ऐकत होते. ती नायिकेशी भांडत होती. ‘अगं बावळट, दार कशाला उघडतेस? डोकं ठेवलंयस कुठे?’ मध्येच तिच्या लक्षात आलं की शेजारी मी बसले आहे. ‘बंद करू का गं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘राहू दे, सिनेमाच तर आहे.’

मंडळी, मला घटस्फोट मिळून तेव्हा फार काळ झाला नव्हता. कोर्टानं तो मला दिला, माझ्या नवऱ्यानं मात्र घेतला नाही. तो पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकायचा. अनोळखी माणसाला दार उघडायला लावणं हाच त्याचा धंदा, आणि त्यात तो तरबेज होता. त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. मी जिथे काम करायचे तिथे समोरच्या फुटपाथवर तो शांतपणे उभा राहायचा. मी निघाले की चार पावलं मागून चालायचा. शेवटी शेवटी म्हणायचा, ‘तू माझी नाहीस तर तू असण्याची गरज नाही.’ हेही अगदी हळू, काळजीनं विचारपूस करावी तसं. मी कुणाला सांगितलं की उत्तर यायचं, ‘जीव आहे गं त्याचा तुझ्यावर.’

मी गाव बदललं, नंबर बदलला. घरातून निघताना दोन पिशव्या घेतल्या आणि एक पिवळा पडदा. तो मी माझ्या पहिल्या पगारातून घेतला होता. आत्याच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीला मी तो लावला.

कार्यक्रम सुरू झाला. तुमचे निवेदक, म्हणजे हे आत्ता खाली बघताहेत ते, प्रसन्न चेहऱ्यानं एकेकाला विचारत होते. एक गृहस्थ म्हणाले, असं प्रत्यक्षात घडत नाही. एक बाई म्हणाल्या, मुलीनंच कुठेतरी त्याला आशा लावली असणार. आत्यानं त्यांना जे उत्तर दिलं ते सभेत सांगण्यासारखं नाही.

मग पुढचा फोन लागला. ‘नमस्कार. मी एक साधा प्रेक्षक बोलतोय.’

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ज्या आवाजाशी आपण संसार केला तो ओळखायला कितीसा वेळ लागतो?

‘सिनेमा चांगला होता,’ तो म्हणाला, ‘पण नायिकेची एक चूक मला खटकली. पडदा. जुन्या घरातला पिवळा पडदा तिनं नव्या घराच्या खिडकीला लावायला नको होता. गाव बदललं तरी सवयी बदलत नाहीत. त्याला शोधायला काही कष्टच पडले नाहीत.’

निवेदक म्हणाले, ‘वा! किती बारीक निरीक्षण!’ साहेब, मी तुम्हाला बोल लावत नाही. दिवसभरात इतकी मतं ऐकायची, त्यात एक पडदा कुणाच्या ध्यानात राहणार? पण त्या सिनेमात पिवळा पडदा नव्हता. पिवळा पडदा माझ्या समोर होता.

एवढ्यात खाली टायरवाल्याच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं. त्याची ती धडधड आणि मागून येणारा फुस्कारा आमच्या रोजच्या ओळखीचा. तो आवाज आधी खिडकीतून आला. आणि क्षणभरानं तोच आवाज टीव्हीतून आला, त्याच्या बोलण्याच्या मागून.

तो खाली उभा होता.

आत्याला मी तिच्या कानाशी सांगितलं. ती उठून पडदा ओढायला निघाली. मी तिचा हात धरला. ‘हात लावू नकोस. हलला तर त्याला कळेल आपण घरात आहोत.’ आधी पोलीस चौकीत फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. पण म्हणाले, ‘बाई, तो टीव्हीवर पडद्याबद्दल बोलला, ही तक्रार मी लिहू कशी?’ मग टीव्हीवर कार्यक्रमाचा दिसत होता तो नंबर मी फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला, पुन्हा व्यस्त. आणि अचानक आवाज आला, ‘प्रेक्षक कक्ष. थांबा हं.’

‘थांबायला सांगू नका हो,’ मी म्हटलं. ‘आत्ता बोलला तो माणूस माझ्या घराखाली उभा आहे.’

मग ताईंनी विचारलं, ‘पिवळा पडदा तुमचा?’

मला रडूच फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मी सगळं सांगायच्या आधी माझ्यावर विश्वास ठेवला होता. ताई म्हणाल्या, ‘रडा नंतर. मलाही ते खटकलं होतं, सिनेमात तसा पडदाच नव्हता, म्हणून त्याचा फोन मी सोडलेला नाही. तो माझ्या दुसऱ्या कानाला आहे. त्याला अजून बोलायचंय. पत्ता सांगा.’ मी पत्ता सांगितला. त्यांनी तो मोठ्यानं म्हणून कुणाला तरी पोलिसांना कळवायला धाडलं. एका बाईचं चौकीनं ऐकलं नव्हतं, वाहिनीचं ऐकलं. असो.

मग मला ऐकू येत राहिलं ते ताईंचं दुसऱ्या फोनवरचं बोलणं. काय ते मार्दव! ‘साहेब, तुमचं मत आमच्या पाहुण्यांना फार आवडलं. जाहिराती संपल्या की पुन्हा तुम्हालाच घेणार. फोन मात्र ठेवू नका, नाहीतर दुसरा प्रेक्षक जागा पटकावेल.’ त्याला कौतुक प्यारं, हे या बाईनं दोन वाक्यांत ओळखलं होतं. मला ते कळायला अख्खं लग्न लागलं.

थोड्या वेळानं त्या माझ्या कानात पुटपुटल्या, ‘त्याच्याकडचा हवेचा आवाज कमी झाला. तो चालतोय. दाराला कडी आहे ना?’

कडी होती. जुनी होती. आम्ही दोघींनी मिळून शिवणयंत्र दाराला लावलं. जिन्यात पावलं वाजली. घाई नाही, धावपळ नाही. वसुलीला आल्यासारखी शांत पावलं.

बेल वाजली. ताई मला नंतर म्हणाल्या, ‘ती बेल मला दोन्ही कानांत ऐकू आली गं.’

‘आत्याबाई,’ बाहेरून त्याचा विक्रीचा आवाज आला, ‘पाण्याचा नमुना घ्यायचा होता. दोन मिनिटांचं काम आहे.’ आणि मग दाराला खांदा लागला. कडीचा एक खिळा माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आला.

‘टीव्हीचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवा,’ ताई म्हणाल्या.

मी वाढवला. आणि मंडळी, जाहिरात मध्येच तोडून टीव्हीवर एका बाईचा आवाज आला. निवेदकांचा नाही. जिचा आवाज या वाहिनीवर त्याआधी कुणी ऐकला नव्हता त्या बाईचा. ‘पिवळ्या पडद्याबद्दल बोलणारे प्रेक्षक, तुम्ही आत्ता थेट प्रक्षेपणात आहात. तुम्ही कुणाच्या दारात उभे आहात, ते सांगाल का?’

दारावरचा दाब थांबला.

‘काय?’ तो म्हणाला. आणि क्षणभरानं आमच्या टीव्हीतून, दाराच्या आतून, त्याचंच ‘काय?’ त्याला ऐकू आलं. मग समोरच्या घरातून. मग वरच्या मजल्यावरून. साऱ्या इमारतीनं तोच कार्यक्रम लावला होता.

‘आत एक बाई आहे,’ ताई म्हणाल्या. ‘तिनं तुम्हाला बोलावलेलं नाही. बेल आम्ही ऐकली, दाराला दिलेला धक्काही ऐकला. टायरच्या दुकानावरची इमारत, पिवळा पडदा. शेजारी ऐकत असतील तर त्यांनी दार उघडून बघावं.’

समोरचं दार उघडलं. त्या घरातला बसचालक हातातला जेवणाचा घास न टाकता बाहेर आला. वरून नर्सबाई उतरल्या. खालून टायरवाला आला, हातात चाक काढायचा पाना. तो ओरडत होता, ‘अरे, माझ्या दुकानाचा आवाज टीव्हीवर कसा आला?’ दरवाज्याच्या फटीतून मी बघत होते. माझा नवरा त्या सगळ्यांना समजावत होता, हसत होता, ‘मी तर फक्त प्रेक्षक आहे,’ असं म्हणत होता. आणि त्याचा प्रत्येक शब्द चारी घरांतून त्याच्यावर उलटून येत होता. त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली नव्हती. काय होतं ते पुढे कोर्टात दाखवलं गेलं, आज इथे नको. पोलीस येईपर्यंत बसचालक जिन्याच्या तोंडाशी बसून राहिला. त्यानं जेवण तिथेच संपवलं.

अध्यक्ष महोदय, परवानगीशिवाय प्रक्षेपणात बोलल्याबद्दल दुसऱ्या दिवशी ताईंना खुलासा मागणारी नोटीस गेली होती, आणि तिच्यावर सही आपली होती. ती आपणच आठ दिवसांत मागे घेतलीत, हेही मी जाहीरपणे सांगते. या टाळ्या त्यासाठी आहेत.

त्यानंतर ताई आमच्या घरी येऊ लागल्या. आत्याचं आणि त्यांचं अगदी मेतकूट जमलं आहे. एक ओरडून बोलते, दुसरी शांतपणे ऐकते. एका भेटीत मी ताईंना विचारलं, ‘तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची मतं ऐकलीत. त्या सिनेमाबद्दल तुमचं मत काय?’

त्या म्हणाल्या, ‘शेवट पटला नाही मला. ती मुलगी जिन्यातून गच्चीपर्यंत ओरडत धावते. वाटेत दोन्ही बाजूंना दारं दाखवली आहेत. एकही उघडत नाही. असं कसं होईल?’

ताई, असंच होतं. सहसा असंच होतं. तुम्ही होतात म्हणून आमच्याकडे तसं झालं नाही.

संयोजकांनी मला बोलावलं, सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर ती चूक माझी समजून पोटात घालावी. ताई, उद्यापासून तुमचे फोन दुसरं कुणी उचलेल. आमच्या घरी मात्र बेल वाजवायची गरज नाही. दुपारी आमचं दार उघडंच असतं.

नमस्कार.