डिस्कोआधीची फुगडी

डिस्कोच्या गप्पा मारताय ना, मग आमच्या भोपाळच्या टाउनशिपमधल्या क्लबचं ऐका. पुढं सगळ्या शहरात गाजलेला तो डिस्को, पण त्याच्या उद्घाटनाला माझे बाबाच आडवे आले होते. बाबा कारखान्यात इंजिनिअर आणि क्लबचे सेक्रेटरी. लाकडी फ्लोअर चकाचक तयार, तिकिटं खपलेली, आणि हे म्हणतात, "लोड टेस्टिंग झाल्याशिवाय कुणी नाचायचं नाही!"

"साब, रेती की बोरियाँ रखवा दें?" सुतारानं विचारलं.

"बोरियाँ कूदती हैं क्या?"

शेजारच्या खोलीत आई आणि महाराष्ट्र मंडळाच्या बायका मंगळागौरीची तालीम करत होत्या. आईनं हे ऐकलं, पदर खोचला आणि म्हणाली, "चला गं!" झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, आणि बाबा टॉर्च घेऊन फ्लोअरखाली उताणे. थोड्या वेळानं खालून ओरडले, "पास झाला! थांबा आता!"

"पिंगा राहिलाय!" वरून आई.

परवा एका लग्नात एक टक्कल पडलेले गृहस्थ आईला ऐटीत सांगत होते, "काकू, त्या डिस्कोत पहिला नाच माझा हं!"

आई म्हणाली, "पहिला कसला रे? तुला नाचू द्यायचं की नाही, ते आमच्या फुगडीनं ठरवलं!"