फार नाजूक विषय

...आणि त्या दिवशी वर मावशी म्हणते, पाठ ताठ ठेव! अहो, मागे शेकोटी धडधडतेय, अंगावर मलमलीचा हा एवढा घेर, तो फुगवायला आत पोलादी कड्यांचा पिंजरा... तुम्ही घातलाय कधी असा पिंजरा? नाही ना? मग हसू नका! मी इथे खुर्चीत आणि माझा घेर तिकडे मागे काय उद्योग करतोय, मला पत्ता नाही! गेल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतली फीबी हॉस्किन्स अशीच शेकोटीपाशी वळली, एक ठिणगी उडाली, आणि... जाऊ दे. चांगली मुलगी होती हो. तेव्हापासून शेकोटी दिसली की मी खुर्ची लांब सरकवायला बघते. खरंच सांगते, मला भीती वाटते!

पण हे डॉर्कस मावशीला सांगून बघा! आई गेल्यावर तिनंच वाढवलं, त्यामुळे बोलायची सोय नाही. "ड्रुसिला, मिस्टर थ्रिपल्टन चहाला येतायत. स्थळ हातचं घालवू नकोस. आणि देवाशपथ, विनोद करू नकोस! विनोद करणाऱ्या मुली बिनलग्नाच्या राहतात!" म्हणून मी तोंड मिटून. आता नुसतं गप्प बसलेलं माणूस काय करणार? घाबरणारच की!

आणि हे थ्रिपल्टन! सभ्य? कोंबडीची तंगडी हवी असली तरी "जरा... खालचा भाग" म्हणून मागतात! तर बसलोय आपले. हवेवर बोलून झालं, पाद्रीबाबांच्या संधिवातावर बोलून झालं... आणि एकदम हे गृहस्थ माझ्याकडे बघून पांढरेफटक! उठले, वाकले, मावशीला म्हणतात, "बाईसाहेब... परवानगी असेल तर... मिस ड्रुसिलांविषयी... फार नाजूक विषय आहे... आणि अंमळ तातडीचा!"

झालं! मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी. "अहो, परवानगी कसली मागताय! आमचा होकार आहे! दोघींचा!" दोघींचा? मला विचारलंस? माझे हातपाय गार, आणि पाठ मात्र गरम! म्हटलं, लग्नाची भीती पाठीतून चढत असेल, मला काय अनुभव? ते बिचारे "नाही, म्हणजे... मागे... त्यांचा..." आणि मावशी आपली, "लाजू नका हो!" आणि मला वास आला. जळक्या मलमलीचा.

फीबी डोळ्यांसमोर उभी राहिली हो! किंचाळले, चहाची अख्खी किटली मागे उपडी केली, गालिच्यावर गडाबडा लोळले, तेव्हा कुठे विझलं. आणि थ्रिपल्टन? माझा घोटा दिसला म्हणून डोळे घट्ट झाकून उभे! खरंच सांगते, मला अजून भीती वाटते!

बरं, वाचले. पण होकाराचं काय? सभ्य माणूस मिळालेला होकार परत करत नाही, आणि मावशी तर मुळीच परत घेत नाही. लग्न ईस्टरनंतर. काल मी त्यांना हळूच विचारलं, "अहो, डोळ्यांदेखत मी पेटले होते, सरळ 'परकर पेटलाय' म्हणायला काय झालं होतं?"

लालबुंद झाले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि कुजबुजले, "तो शब्द... लग्नानंतर!"

म्हणजे ईस्टरपर्यंत पुन्हा पेटलेच, तर माझं मीच विझवायचं.