सोनाक्काचा जिमखाना

म्हणा, माउली! — एवढंच? पंगतीत वाढप्याला हाक मारताना आवाज केवढा असतो तुमचा!

मंडळी, ऐका. प्रश्न एकच. जे ताट जेवायचंच नाही, त्याचे पैसे द्यायचे का? — मागची रांग म्हणते, नाही! थांबा की! पोराचं लग्न ठरवताना केलीत तेवढी घाई पुरे.

तर एक होती सोनाक्का. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि जीभ अशी — गावानं विळ्या तिच्यावर परजून घ्याव्यात! तिची सून वैजयंता, अंगणवाडीत मदतनीस. सेविका व्हायचं म्हणून कॉलेजात नाव घातलेलं. पण जायची ती परीक्षेपुरती! यंदा फीची पावती सोनाक्कानं तिच्याकडूनच वाचून घेतली.

"ग्रंथालय, आत्याबाई."

"गेलीस का कधी?"

"नाही."

"पुढं?"

"जिमखाना, तीनशे. म्हणजे खेळायची खोली."

"अगं बाई! माझ्या घरात खेळायला वेळ कुणाला आहे?"

झालं! भर आळीत पदर खोचून सोनाक्का गरजली, "तीनशे परत आणीन! नाही आणले, तर दिवाळीपर्यंत भाकऱ्या मी थापीन!"

काय बोलून बसली ही! सून आल्यापासून नऊ वर्षं परातीला हात नाही! भीष्मानं प्रतिज्ञा केली ती निदान स्वतःपुरती. हिच्या प्रतिज्ञेत अख्ख्या घराचं पोट अडकलं!

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन कॉलेजात हजर! कुलथे भाऊसाहेब, तिथले कारकून, मान वर न करता म्हणाले, "आक्का, फी सगळ्यांना सारखी. वापरा, नाहीतर नका वापरू."

"मग वापरतो! उघडा खोली!"

जिमखान्याचे दांडगे सर धावत आले. कुलूप गंजलेलं! तेल ओतलं, दगड हाणला, तेव्हा उघडलं. आत धुळीत एक कॅरम.

"बस गं! तीनशे फिटल्याबिगर उठायचं नाही!"

"आत्याबाई, लोक बघतायत."

"बघू देत! त्यांनीबी भरलेत!"

वैजयंतानं पावडर टाकली. स्ट्रायकर धरला. टक् — एक सोंगटी गेली! टक् — दुसरी! टक्, टक् — आणि राणी! वर लगेच कव्हर! दांडगे सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"कुठं शिकलीस गं?" सोनाक्कानं विचारलं.

"माहेरी. तालुक्यात पहिली यायचे."

"मग नऊ वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

— मृदंग नको रे, बाळाराम. इथं गप्प बसायचं असतं.

सर म्हणाले, "मुलींच्या संघाला चौथी मिळेना, आक्का. दर शनिवारी सराव. हिला द्या!"

तेवढ्यात कुलथे आले, हातात कागद. "आक्का, भांडण नको. अर्जावर हिची सही घ्या, जिमखान्याचे तीनशे परत देतो. पण मग हिला खेळता यायचं नाही."

घ्या! जिंकली की सोनाक्का! आळीत नाक वर, भाकरी सुनेच्या गळ्यात! तिनं कागद धरला. सुनेकडं पाहिलं. पावडरीनं पांढरी झालेली बोटं अजून बोर्डाच्या कडेवर टकटक करत होती. आणि टेबलावर ते गंजकं कुलूप.

सोनाक्काला वाटलं, हे कुलूप आपल्याच घरचं आहे.

फर्र! फाडला कागद!

शनिवार उजाडला. चुलीपुढं सोनाक्का, भाकरी एकीकडून कच्ची, एकीकडून कोळसा. आळीतल्या बाया दाराशी. "काय आक्का, आणले का पैसे?"

"आणले नाहीत गं, वसूल करायला पाठवलंय!" आणि पिठाच्या हातानं उंबऱ्यापर्यंत धावत, "वैजयंते! राणी घेशील तर कव्हर कर! तीनशे रुपये आहेत माझे!"

तर मंडळी, न जेवल्या ताटाचे पैसे द्यायचे का, ते कुलथ्यांना विचारा. मी एवढंच विचारते — तुमच्या घरात गंजकं कुलूप कुणाला घातलंय? इकडंतिकडं काय बघता? शेजारीच बसलीय! आज घरी गेल्यावर विचारा, "तुला काय काय येतं गं?" आणि तिचं सांगून होईपर्यंत परात स्वतःकडं ओढा.

आणि हे दोन हात? त्यांची फी देवाकडं कधीच भरलीय. मग मांडीवर काय ठेवलेत? — वाजवा टाळी!