शिडीवाला काय म्हणतो

...आणि म्हणे विनोद आता तूच सांगायचा! अहो, मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस, 'खालची ओळ दिसते का' यापलीकडे दिवसभर माझं तोंड उघडत नाही. पण आमच्याकडे लग्न असलं की जेवणाआधी घरातल्या थोरल्यानं उभं राहून पणजोबांचा विनोद सांगायचा. घरची पद्धत आहे, मोडायची नाही.

इतकी वर्षं थोरले काका सांगायचे. एक माणूस शिडी घेऊन न्हाव्याच्या दुकानात शिरतो, न्हावी विचारतो, "शिडी कशाला?" आणि तो माणूस म्हणतो... बस, इथं अख्खा हॉल हसून लोळायचा, मीसुद्धा. आता काका दवाखान्यात, वडील मागेच गेलेले, पुतणीचं लग्न तोंडावर, आणि तुम्हाला सांगतो, आरशासमोर तालीम करताना माझ्या लक्षात आलं... तो माणूस म्हणतो काय?

आत्याला विचारलं. म्हणाली, "सगळ्यांना माहितीये की!" मग सांग ना. तर म्हणे, मी त्याच्या आधीच हसते. आईला विचारलं, तर आई म्हणाली, आम्ही बायका स्वयंपाकघरात असायचो, हसण्याचा आवाज आला की वाढायला घ्यायचो.

गेलो दवाखान्यात. काकांच्या नाकात नळी, अंगाची नुसती काडी. कानाशी वाकून म्हटलं, "काका, शिडीवाला काय म्हणतो?" डोळे असे चमकले त्यांचे... माझा हात धरून पहिल्यापासून सुरुवात केली, शिडी आली, न्हावी आला, आणि नेमके त्या जागी स्वतःच हसत सुटले. हसता हसता ठसका, ठसक्यात धाप, नर्स धावत आली नि मला बाहेर काढलं. काका हातानं खुणावतायत, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी काका नव्हते.

म्हटलं, विनोद गाळू या. आत्या म्हणाली, "भाऊ गेला, आता त्याचा विनोदपण घालवतोस?" घरची पद्धत आहे, मोडायची नाही. सुतक फिटलं, लग्नाचा दिवस आला, जेवणाआधी उभा राहिलो. "आणि तो माणूस म्हणतो..." इथं थांबलो, आता हसतील म्हणून. कुणी हसेना. काकांच्या जागी मी उभा, त्यामुळे सगळे पहिल्यांदाच पुढचं ऐकायला थांबलेले, आणि माझ्यापाशी पुढचं नाहीच, डोळ्यांसमोर फक्त काकांचा तो हात. "म्हणतो... उद्या ये," एवढंच तोंडून निघालं, आणि मी मटकन बसून रडायला लागलो.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. पोट धरधरून.

आता मी साफ सांगितलंय, पुन्हा उभा राहणार नाही, म्हणून पुढच्या लग्नात पुतण्या सांगणार आहे. परवा दुकानात आला, अख्खा विनोद पाठ, माझ्या मटकन बसण्यासकट. म्हणतो, "काका, रडताना डोळ्यांवर कुठला हात घेतला होतात?"

म्हटलं, डावा. मला कुठं आठवतंय... पण पोरगं विचारतंय म्हटल्यावर काहीतरी सांगावं लागतंच ना.